दिवाळी ते नाताळ : प्राथमिक शाळेतील सहा आठवड्यांचा इतिहास

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे आणि सारे आयुष्य कापडाच्या ताग्यांत गेलेले. न्यासाच्या वाटचालीविषयी लिहिण्यास माझ्याहून अधिकारी व्यक्ती आपल्यात आहेत. मला लिहावयाचे आहे ते दरवर्षी येणाऱ्या एका लहानशा कालखंडाविषयी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्यापासून नाताळपर्यंतचे सहा-सात आठवडे प्राथमिक शाळेत निराळेच असतात. त्या दिवसांत तेथे जे घडते ते कोठून आले, कोणी आणले आणि पुढे आपण त्याचे काय केले, हे माझ्या अल्प वाचनाच्या आणि दीर्घ दुकानदारीच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दिवाळीचा हंगाम आटोपतो, लग्नसराईने अजून जोर धरलेला नसतो, अशा मधल्या दिवसांत कापड दुकानात एक वेगळेच गिऱ्हाईक येते. हातात वहीचा फाडलेला कागद, सोबत सात-आठ वर्षांचे मूल. "दोन मीटर हिरवे सॅटिन द्या, स्वस्तातले. आमच्याकडे झाड आहे." नवख्या नोकराला या वाक्याचा अर्थ लागत नाही. मला लागतो. ते मूल स्नेहसंमेलनात झाड होणार असते. कोणाकडे ससा असतो, कोणाकडे मावळा, कोणाकडे कोळीण. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी ही झाडे, ससे आणि मावळे मीटरवर मोजून दिले आहेत.

आपल्या राज्यातील शाळांच्या वर्षभरातील सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा अधिक होऊ नयेत असा शासनाचा दंडक आहे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणेशोत्सवाला अथवा नाताळला देण्याची मुभा शाळांना असते. त्यामुळे कोकणाकडे तोंड असलेल्या शाळा गणपतीला कौल देतात, तर इंग्रजी माध्यमाच्या शाळा नाताळला. सुट्टी कोणतीही असो, डिसेंबर मात्र सर्वत्र सारखाच. पाऊस नाही, उकाडा नाही, सहामाही परीक्षा मागे पडलेली आणि वार्षिक अजून दूर. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, वनभोजन, हस्तकलेचे प्रदर्शन, कथाकथन, हस्तलिखित, बालमेळावा, कब-बुलबुलची शिबिरे हे सारे याच दिवसांत गर्दी करते. आपण पालक मंडळी त्याला 'इतर उपक्रम' म्हणतो. ज्यांनी हे उपक्रम शाळेत आणले त्यांच्या लेखी मात्र ते 'इतर' नव्हते. कित्येकांच्या लेखी तीच मुख्य शाळा होती.

या कथेचा आरंभ आपल्या शेजारच्या गुजरातेत होतो. भावनगरचे गिजुभाई बधेका पेशाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने ते मादाम माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांचे 'दिवास्वप्न' आपल्यातील अनेक गुजराती भाषक कुटुंबांत वाचले गेले असेल. प्राथमिक शाळेच्या चौथ्या वर्गावर आलेला एक शिक्षक पुस्तके बाजूला ठेवून गोष्टी सांगतो, खेळ खेळवतो आणि सहकाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होतो, असे त्याचे कथानक. १९२३ मध्ये या गिजुभाईंच्या कार्यात एक मराठी स्त्री सहभागी झाली. त्या ताराबाई मोडक. राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला 'शिशुविहार' काढले.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले सुस्थित घरांतील होती. ताराबाईंना ते खुपत असावे, कारण १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. तेव्हा बोर्डी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले. या कामी त्यांना जन्माची सहकारी लाभली ती अनुताई वाघ. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण, अशी ही बाई. माँटेसरीची परदेशी साधने महाग. खेड्यातील शाळेला ती परवडणार नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे यांतूनच शिक्षणाची साधने तयार झाली. मोजायला शिकायचे ते चिंचोक्यांवर. आम्हा व्यापाऱ्यांना यातील शहाणपण चटकन कळावे. जो माल गावात फुकट पडलेला आहे तो बाहेरून मागवण्यात अर्थ नसतो.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत ना. आळस हे त्याचे कारण नव्हते. मोठ्या मुलांकडे गुरे असत, मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि पावसाळा सरला की साऱ्या घराचे हात गवतकापणीत गुंतत. ताराबाई-अनुताईंनी मग शाळाच मुलांकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. गुरे चरत असताना मुलांनी पाने गोळा करायची, त्यांचे आकार ओळखायचे, गाणी म्हणायची, गोष्ट ऐकायची. आज ज्याला आपण छंदवर्ग म्हणतो आणि ज्याचे शुल्क भरतो, ते त्या कुरणात नित्याचे शिक्षण होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द देशभर रूढ झाला. ठाणे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात घडलेला हा शब्द आज देशाच्या पाठीवर कोठेही जा, पाटीवर दिसतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि पुढे अनुताईंना पद्मश्री मिळाली. आपल्या शीळफाट्यापासून कोसबाड लांब असले, तरी जिल्ह्याचा हा वारसा आपल्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवा.

आता माझ्या व्यवसायाच्या जवळचा भाग. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल दिला आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना आकारास आली. हाताच्या उद्योगातून भाषा, गणित, भूगोल सारे शिकवावे, असा तिचा गाभा. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. मूलोद्योग अनेक प्रकारचे सांगितले होते, पण प्रत्यक्षात सर्वांत सोपी आणि स्वस्त ठरली ती टकळी. शाळाशाळांतून सूत निघू लागले.

माझे प्राथमिक शिक्षण साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणच्या नगरपालिका शाळेत झाले. मूलोद्योगाचा भर तेव्हा ओसरू लागला होता, परंतु आमच्या गुरुजींच्या कपाटात टकळ्यांचा एक डबा होता आणि दिवाळीनंतर तो बाहेर निघे. पितळेच्या चकतीची, लोखंडी काडीची ती टकळी मांडीवर फिरवायची आणि डाव्या हातातील पेळू हलकेच सोडीत जायचे. पेळू जरा जास्त सुटला की धागा जाड, कमी सुटला की तुटे. नाताळच्या आधी शाळेत प्रदर्शन भरे आणि प्रत्येकाची लडी नावाच्या चिठ्ठीसह दोरीवर टांगली जाई. माझी लडी मी वडिलांना अभिमानाने दाखवली. वडिलांनी ती बोटांत धरून ओढली, ती तुटली, आणि ते म्हणाले, "कोष्टी हे सूत मागावर घेणार नाही रे." मला रडू कोसळले. मग ते गल्ल्यावरून उठले, मांजरपाटाचा तागा सोडला, त्यातील एक धागा काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही धागे उजेडासमोर धरायला लावले. कापडाची परीक्षा मी त्या दिवशी शिकलो. पुढे महाविद्यालयात लेखाकर्म, लेखापरीक्षण, व्यापारी कायदा हे सारे शिकलो, पण दुकान ज्याच्यावर चालले ते ज्ञान टकळीच्या डब्यातून आले होते, हे मान्य करणे मला भाग आहे.

मूलोद्योग का टिकला नाही, याचीही प्रामाणिक चर्चा झाली पाहिजे. मुलांच्या श्रमाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, ही मूळ अपेक्षा हिशेबात बसणारी नव्हती. लहान मुलाने काढलेले सूत असमान असते. त्याला बाजारात उठाव नाही. मुलांना मजूर करू नका, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला होता आणि त्यात तथ्य होते. पण उत्पन्नाचे खाते जमले नाही म्हणून टकळीबरोबर हाताचे शिक्षणही निकालात काढले गेले. तोट्याची एक शाखा बंद करताना पेढीच उठवावी, तसे हे झाले.

स्वकष्टाचे शिक्षण म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण आपल्या स्मरणिकेत व्हायलाच हवे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. तेथे उपक्रमांसाठी निराळा तास लावावा लागला नाही.

डिसेंबरचा दुसरा धागा गोष्टीचा. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातील पालगडचा. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर येणारी ही जयंती आमच्या शाळेत गोष्ट सांगून साजरी होई. भाषण नसे, हार-तुरे नसत. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ज्या प्रतापशेठजींच्या नावाची ती शाळा, ते अमळनेरच्या कापड गिरणीचे मालक. (गिरणीच्या पैशातून शाळा उभी राहावी आणि त्या शाळेत साने गुरुजी शिकवायला यावेत, हा जमाखर्च कोणत्याही व्यापाऱ्याने हेवा करावा असा आहे.) वसतिगृहातील मुलांसाठी गुरुजी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढीत. शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखिते पाहिली की मला त्याची आठवण होते. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्यांचे स्मारक पुतळ्याचे न करता गोष्टीचे करावे, हा विचार ज्यांना सुचला त्यांत प्रकाशभाई मोहाडीकर प्रमुख. १९५१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली. तिची रीत अगदी साधी होती. आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र बसवावे आणि कोणीतरी मोठ्याने एक चांगली गोष्ट सांगावी. यासाठी इमारत लागत नाही, साहित्य लागत नाही आणि शुल्क तर नाहीच. कोकण, खानदेश, मुंबई, ठाणे, जेथे शिक्षक सापडला तेथे कथामाला गेली. पुढे मुलेच गोष्टी सांगू लागली. हल्ली कथाकथनाच्या स्पर्धा होतात, हातवारे पाठ करून घेतले जातात. कथामालेचा मूळ हेतू स्पर्धेचा नव्हता. ऐकणाऱ्या मुलाला ऐकता यावे, एवढाच होता.

कब आणि बुलबुल यांची हकीकत थोडक्यात सांगतो. बेडन पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी स्काऊट चळवळीची धाकटी शाखा काढली आणि तिच्यासाठी रडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील लांडग्यांचा कळप उसना घेतला. हा किपलिंग जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५ रोजी जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. म्हणजे आपल्या मुलांनी 'अकेला'ला दिलेली सलामी ही विलायतेहून फिरून आलेली मुंबईचीच वस्तू. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संघटना झाली. तिच्या उपक्रमांपैकी मला सर्वांत भावतो तो 'खरी कमाई'. मुलाने काहीतरी काम करून चार पैसे मिळवावेत आणि त्याचा हिशेब द्यावा. एका वर्षी दोन कब माझ्या दुकानात आले, त्यांनी फळ्यांवरील धूळ पुसली आणि मी देऊ केलेल्या दहा रुपयांवर आपसांत विचारविनिमय करून पाच परत दिले. काम पाच रुपयांचेच झाले आहे, असे त्यांचे मत पडले.

स्नेहसंमेलन प्राथमिक शाळेत उशिरा आले. 'गॅदरिंग' हा शब्द आणि प्रकार मूळचा महाविद्यालयांचा. तेथून तो माध्यमिक शाळांत आणि मग प्राथमिक शाळांत उतरला. मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकाची छोटी नक्कल, हीच रीत पुष्कळ काळ होती. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी 'लिटल थिएटर' काढून 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. ते नाटक रत्नाकर मतकरी यांचे. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली आणि 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटके घरोघरी ठाऊक झाली. याच मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात, २०१४ मध्ये, ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. झोपडवस्त्यांतील मुले तेथे आपल्याच वस्तीतील प्रश्नांवर आपणच नाटुकली रचतात आणि करतात. भाड्याचे पोशाख नाहीत, ध्वनिमुद्रित संवाद नाहीत. २०२० मध्ये मतकरी गेले. मुलांनी नाटक स्वतः रचायचे, ही त्यांनी ठाण्याला दिलेली मोठी देणगी होय.

सहलींविषयी एवढेच सांगतो की, आमच्या वेळी ती अंबरनाथला गेली होती आणि आम्ही घरचे डबे घेऊन गेलो होतो. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील ते शिलाहारकालीन शिवमंदिर. गुरुजींनी आम्हांला भिंतीवरील हत्ती मोजायला लावले. प्रत्येकाची संख्या निराळी आली. एस.टी. महामंडळ आजही शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी अनेक शाळांच्या सहली आता जलक्रीडा उद्यानांकडे जातात. तेथे मोजण्यासारखे काही नसते.

१९६४ मध्ये नेमलेल्या, उदयपूरच्या डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ च्या अहवालात 'कार्यानुभव' ही कल्पना मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिलाच 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव दिले. नाव जितके लांबत गेले, तितका विषय आखडत गेला. कार्यानुभवाची वही झाली, वहीला गुण आले आणि गुणांसाठी बाजारात तयार वस्तू मिळू लागल्या. थर्माकोलचे किल्ले आणि पुठ्ठ्याची घरे विकणारी दुकाने आमच्याच बाजारपेठेत थाटली.

येथे मला स्वतःच्या एका कृतीची नोंद केली पाहिजे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर हिशेब पाहण्यासाठी होतो. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला असे. ती पाचवीला गेली ते २०१७ पासून. शाळेत दर शनिवारी दोन तासिका छंदवर्गाच्या होत्या. एक बाई मातीकाम घेत, एक गुरुजी पुस्तकबांधणी शिकवीत, तिसरा वर्ग नाटकाचा होता. डिसेंबरातील संमेलन याच वर्गांतून उभे राही. दिवाळीनंतरच्या सभेत मी प्रस्ताव मांडला की, चौथीच्या मुलांचे हे दोन तास शिष्यवृत्तीच्या सरावाला द्यावेत आणि संमेलनासाठी बाहेरून नृत्यशिक्षक बोलवावा. मी आकडे तयार करून नेले होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "शेठजी, या दोन तासांचे उत्पन्न तुमच्या वहीत दिसणार नाही." मी हसलो, आणि प्रस्ताव बहुमताने संमत झाला.

त्या वर्षी संमेलन झगमगीत झाले. पोशाख ठाण्याहून भाड्याने आले, त्यासाठी प्रत्येक मुलामागे भाडे आणि अनामत घेतली गेली. पालकांनी वाहवा केली, मीही केली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, डिसेंबरातच, एक तरुण आपल्या मुलीसाठी हिरवे सॅटिन घ्यायला दुकानात आला. माझ्याकडे ताग्यांच्या चळती उचलणाऱ्या जुन्या नोकराचा तो मुलगा. बोलता बोलता म्हणाला, "काका, मी चौथीत असताना संमेलनाला गेलोच नव्हतो. बाबांनी दिवाळीला उचल घेतली होती, आणखी मागायला ते तयार नव्हते. मी आजारी आहे असे शाळेत कळवले." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, सहज आठवण म्हणून तो सांगत होता. त्याचे वडील ज्या फळीपाशी दिवसभर उभे असत, तिच्यावर तेव्हा पन्नास मुलांचे पोशाख होतील एवढे कापड होते. आधीच्या वर्षापर्यंत बाई दुकानातून कटपीस नेत आणि मुलांकडून पोशाख शिवून घेत, त्यामुळे कोणाला काही मागावे लागत नसे. त्या दोन तासिका मी काढून घेतल्या आणि ही सोयही गेली. शिष्यवृत्तीचा निकाल त्या वर्षी किती लागला, हे मला आज आठवत नाही.

शीळफाटा हा मुळात नावाप्रमाणेच रस्त्यांचा फाटा. कल्याणकडून येणारा रस्ता येथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसई, काटई या गावांभोवती भातखाचरे होती आणि गावांतल्या मुलांसाठी गावातलीच शाळा. आता खाचरांच्या जागी उंच इमारतींची नगरे झाली आहेत आणि सकाळी या रस्त्यावर निम्मी वाहने शाळेच्या बसेसची असतात. नव्या शाळांत नृत्य, यंत्रमानव, बुद्धिबळ, मातीकाम असे सर्व प्रकारचे वर्ग आहेत. ते चांगले शिकवलेही जातात. फरक इतकाच की त्यांना आता निराळी पावती लागते. ज्याच्याकडे पावती आहे ते मूल मातीत हात घालते.

शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर केला, ही समाधानाची बाब होय. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना शाळेची शिफारस आहे. थोड्या मोठ्या मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. तिचे राष्ट्रीय अधिवेशन डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात भरण्याची प्रथा पडली आणि महाराष्ट्रात ती रुजवण्यात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टचा मोठा वाटा आहे. शनिवार परत मिळाला आहे. त्यात मुलांच्या हाती काय द्यायचे, हा प्रश्न शिक्षकांचा जितका, तितका आपल्यासारख्या देणगीदारांचाही आहे. आपण संमेलनाचे व्यासपीठ, ध्वनिवर्धक आणि पारितोषिके देतो, कारण त्यांवर नाव घालता येते. चिंचोके, माती, कात्री, सुई-दोरा यांवर नाव घालता येत नाही.

परिसरातील एका जिल्हा परिषद शाळेत गेल्या डिसेंबरात मुलांचा बाजार भरला होता. तिसरीतील एक मुलगी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. मी एक जुडी घेतली, वीसची नोट दिली आणि उरलेले पैसे राहू दे म्हणालो. तिने मान हलवली, शेजारच्या मुलाकडून सुटे मागून आणले, पाच रुपये माझ्या हातावर ठेवले आणि वहीत लिहून घेतले. तिच्या बाईंनी मला नंतर विचारले की, दुकानातील कटपीस आणि उरलेले तुकडे शाळेला मिळतील का; शनिवारी मुलांना शिवण शिकवायची आहे. तेव्हापासून दिवाळीचा हंगाम संपला की दुकानातील एक पोते बाजूला निघते. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी बाई रिक्षा घेऊन येतात आणि सोबत दोन मुले, पोते उचलायला.